‘मी रडत नाहीये, डोळ्यांतून पाणीच थांबत नाही’: केमोथेरपी सुरू असताना डोळ्यांना काय होतं आणि काय करायचं?

केमोची तिसरी सायकल झालेली असते. सासूबाई खिडकीशी बसल्यात आणि पदराने सारखे डोळे टिपतायत. सून म्हणते, "आई, असं सारखं रडू नका ना. सगळं नीट होणार आहे." त्यावर सासूबाई वैतागून म्हणतात, "अगं, रडतंय कोण? डोळ्यांतून पाणीच थांबत नाहीये."

कॅन्सरचे उपचार सुरू असलेल्या बऱ्याच घरांत असा प्रसंग घडतो आणि तिथेच विरतो. केस गळणार, उलट्या होणार, तोंड येणार, हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. डोळ्यांचं मात्र कुणी सांगितलेलं नसतं. रुग्णालाही वाटतं की एवढा मोठा आजार चाललाय, त्यात डोळ्यांच्या पाण्याचं काय घेऊन बसायचं? मग तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ते सांगितलंच जात नाही.

पण ही तक्रार सांगायलाच हवी. केमोमुळे होणारे डोळ्यांचे बहुतेक त्रास साधे असतात आणि आटोक्यात येतात. काही मोजके त्रास मात्र असे आहेत की वेळेत सांगितलं तर छोट्या उपायाने भागतं आणि उशीर झाला तर त्रास कायमचा राहतो. यातला फरक कसा ओळखायचा, ते समजून घेऊया.

केमोचा आणि डोळ्यांचा संबंध काय?

केमोथेरपीची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मरतात. पण शरीरातल्या काही निरोगी पेशीही वेगाने वाढत असतात. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तर, रक्त तयार करणारा अस्थिमज्जा ही त्याची उदाहरणं. केस गळणं, तोंड येणं, जुलाब आणि रक्तातल्या पेशी कमी होणं हे त्रास त्यातूनच होतात.

डोळ्याच्या बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याचा सगळ्यात वरचा थर साधारण आठवडा-दहा दिवसांत पूर्ण नवा होतो. म्हणजे हाही वेगाने वाढणाऱ्या पेशींचा भाग झाला. त्यातच काही औषधं रक्तातून अश्रूंमध्ये उतरतात आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर पसरत राहतात.

डोक्यावरच्या केसांबरोबर पापण्यांचे केसही गळू शकतात. ते नुसते दिसायला नसतात. धूळ आणि घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून असतात. ते गेले की साधा रस्त्यावरचा वाराही डोळ्यांना झोंबतो. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ते बहुतेकदा पुन्हा येतात.

डोळे कोरडे, मग पाणी कसं येतं?

केमोच्या काळातली सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार म्हणजे डोळे कोरडे पडणं. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, चुरचुरतं, लाल होतं, संध्याकाळपर्यंत अंधुक दिसायला लागतं आणि पापण्यांची उघडझाप केली की थोडा वेळ स्पष्ट दिसतं.

गोंधळ इथे होतो की कोरड्या डोळ्यांतूनच पाणी वाहतं. कारण अश्रू म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यात पाणी असतं, ते डोळ्याला चिकटून राहावं म्हणून चिकट द्रव असतो आणि लगेच सुकू नये म्हणून वर तेलाचा पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं. हा तोल बिघडला की अश्रूंचा थर फाटतो, डोळा उघडा पडतो आणि झोंबतो. झोंबलं की मेंदू घाईघाईने भरपूर पाणी सोडतो. कांदा चिरताना होतं, तसंच. पण ते पाणी टिकत नाही, गालावर ओघळून जातं आणि डोळा पुन्हा कोरडा.

म्हणून "पाणी येतंय म्हणजे डोळे कोरडे नाहीत" असं समजू नका.

पाणी येण्याचं दुसरं कारण: निचऱ्याची नळी बंद होणं

आरशासमोर उभं राहून खालच्या पापणीचं नाकाकडचं टोक हलकेच खाली ओढा. तिथे टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही असंच छिद्र असतं. डोळ्यातलं वापरलेलं पाणी या छिद्रांतून बारीक नळ्यांत आणि तिथून नाकात उतरतं. रडल्यावर नाक वाहतं किंवा डोळ्यात ड्रॉप टाकला की घशात कडू लागतं, ते या नळ्यांमुळेच.

डोसिटॅक्सेल हे औषध स्तनाच्या, प्रोस्टेटच्या, फुप्फुसाच्या आणि इतर काही कॅन्सरमध्ये वापरलं जातं. ते अश्रूंमध्ये उतरतं आणि या नळ्यांतून जाताना आतल्या अस्तराला सूज आणतं. सूज वारंवार आली की तिथे व्रण होऊन नळी आकसते आणि कधीकधी पूर्ण बंद होते. मोरी तुंबल्यासारखं होतं. पाणी तेवढंच असतं, पण जायला वाट नसते. अमेरिकेत टेक्सासमधल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये डॉ. बीटा एस्माएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हा त्रास तपशीलवार मांडला. दर ३ आठवड्यांनी डोसिटॅक्सेल घेणाऱ्यांपेक्षा ते दर आठवड्याला घेणाऱ्यांमध्ये याचा धोका जास्त असल्याचं त्यातून पुढे आलं.

फ्लुरोयुरॅसिल म्हणजे बोलीभाषेत ५-एफयू, या औषधानेही असं होऊ शकतं. आतड्याच्या आणि पोटाच्या कॅन्सरमध्ये ते बरंच वापरतात.

इथे वेळेला महत्त्व आहे. नळी आकसायला लागली आहे तोवर नेत्रतज्ज्ञ सूज उतरवणारे ड्रॉप्स देतात किंवा सिलिकॉनची अगदी बारीक नळी काही काळ आत बसवून ठेवतात, म्हणजे वाट उघडी राहते आणि केमोही चालू ठेवता येते. नळी पूर्ण बंद झाली तर मात्र मोठी शस्त्रक्रिया लागते. काही रुग्णांना पाणी नाकात उतरवण्यासाठी काचेची छोटी नळी कायमची बसवावी लागते. कॅन्सर बरा झाला, पण आयुष्यभर हातात रुमाल राहिला, अशी वेळ नुसतं न सांगितल्यामुळे येऊ नये.

ओळखायचं कसं? कोरडेपणाच्या पाण्यात जळजळ आणि खुपणं असतं. वारा, पंखा, मोबाइल यांनी ते वाढतं. निचरा बंद असेल तर घरात शांत बसलेलं असतानाही डोळे भरून येतात, गालावर धार लागते, वाचताना सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. पण ही खात्रीची परीक्षा नव्हे, दोन्ही एकत्रही असू शकतात. नेत्रतज्ज्ञ त्या छिद्रातून थोडं पाणी सोडून नळी उघडी आहे की नाही हे पाहतात. दवाखान्यात काही मिनिटांत होणारी तपासणी आहे ती.

कोणतं औषध, कोणती तक्रार?

प्रत्येक औषधाने प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. पण आपल्या फाइलमध्ये कोणतं नाव आहे आणि कशावर लक्ष ठेवायचं, हे माहीत असलेलं बरं.

- कॅपेसिटाबिनच्या गोळ्या: या शरीरात जाऊन ५-एफयूमध्येच बदलतात. डोळे चुरचुरणं, लाल होणं, पाणी येणं.
- सायटाराबिन, मोठ्या डोसमध्ये: रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात. कॉर्नियाला सूज येते, डोळे दुखतात, उजेड सहन होत नाही. हे इतकं ओळखीचं आहे की औषध सुरू करण्याआधीच स्टेरॉइडचे ड्रॉप्स लिहून देतात आणि शेवटच्या डोसनंतरही काही दिवस चालू ठेवतात. ड्रॉप्सची वेळ चुकवू नका.
- पॅक्लिटॅक्सेल: औषध चढत असताना काहींना डोळ्यांपुढे चमकल्यासारखं दिसतं. बहुतेकदा ते आपोआप जातं, तरी नर्सला लगेच सांगा. क्वचित दृष्टिपटलाला सूज येऊन अंधुक दिसतं.
- सिस्प्लॅटिन: क्वचित दृष्टीच्या नसेवर परिणाम होतो. रंग फिके दिसणं, अंधुक दिसणं.
- व्हिन्क्रिस्टीन: नसांवर परिणाम होऊन पापणी खाली उतरू शकते. ल्युकेमियाच्या उपचारांत लहान मुलांना हे औषध देतात. मूल स्वतःहून सांगत नाही, म्हणून आई-वडिलांनी लक्ष ठेवावं.
- इमॅटिनिब: ही केमो नाही, टार्गेटेड थेरपीची गोळी आहे. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसते. बहुतेकदा हे गंभीर नसतं, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.
- एर्लोटिनिब, जेफिटिनिब, ऑसिमर्टिनिब: फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गोळ्या. यात पापण्यांचे केस गळण्याऐवजी उलट लांब आणि वेडेवाकडे वाढू शकतात. ते आत वळून कॉर्नियाला घासले तर जखम होते. घरी चिमट्याने उपटत बसू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा.
- टॅमॉक्सिफेन: स्तनाच्या कॅन्सरनंतर ५ ते १० वर्षं चालणारी हार्मोनची गोळी. हल्लीच्या २० मिलिग्रॅमच्या डोसला दृष्टिपटलाचा त्रास क्वचितच होतो. तरी डोळ्यांच्या नियमित तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा.
- इम्युनोथेरपी: यात प्रतिकारशक्ती डोळ्यावरच उलटू शकते. लाल, दुखरा आणि उजेड सहन न होणारा डोळा ही त्याची खूण.

चष्म्याचा नंबर अचानक बदलला?

केमोबरोबर बऱ्याचदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात. उलट्या आणि ॲलर्जी टाळण्यासाठी ते लागतंच. पण त्याने रक्तातली साखर वाढते. मधुमेह असेल तर फारच. साखर वर-खाली झाली की डोळ्याच्या भिंगात पाणी शिरतं, त्याचा आकार बदलतो आणि नंबरही बदलतो.

अशा वेळी घाईने नवा चष्मा करायला जाऊ नका. महिनाभराने तो बिनकामाचा ठरेल. आधी साखर तपासा आणि ती स्थिर झाल्यावर, शक्यतो केमो संपून काही आठवडे गेल्यावर नंबर काढा. स्टेरॉइड बरेच महिने चालू राहिलं तर मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका वाढतो. घरात कुणाला काचबिंदू असेल तर ते आधीच सांगून ठेवा.

लाल डोळा आणि नागीण

प्लेटलेट्स कमी झाल्या असतील तर खोकल्याने किंवा उलटीने डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा लालभडक डाग येतो. दिसायला भयंकर, पण दुखत नसेल आणि नीट दिसत असेल तर डोळ्याला बहुधा धोका नसतो. तरी डॉक्टरांना कळवा, कारण प्लेटलेट्स तपासाव्या लागतील.

पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग पटकन होतो. जुलै २०२३ मध्ये आळंदीत आणि मग राज्यभर डोळे येण्याची साथ आली होती, ती आठवत असेल. निरोगी माणसाचे डोळे आठवडाभरात बरे होतात, पण केमो सुरू असलेल्या व्यक्तीने त्या भरवशावर राहू नये. घरात कुणाचे डोळे आले असतील तर टॉवेल, उशी आणि ड्रॉप्स वेगळे ठेवा.

सगळ्यात सावध राहायचं ते नागिणीपासून. कपाळाच्या किंवा डोक्याच्या एकाच बाजूला आधी आग होते, मग पाण्याने भरलेले फोड येतात. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळा सापडण्याची शक्यता जास्त असते. आपल्याकडे अजूनही नागीण उतरवून घेतात, लेप लावतात. तसं करण्यात जे दोन-तीन दिवस जातात, तेच औषधाचे असतात. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ आल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात.

घरी काय करता येईल?

- डॉक्टरांना विचारून अश्रूंसारखे ओलावा देणारे ड्रॉप्स वापरा. दिवसातून ४ पेक्षा जास्त वेळा टाकावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा.
- ड्रॉप टाकण्याआधी हात धुवा. एका वेळी एकच थेंब पुरतो. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. नंतर डोळे मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा. दोन वेगळ्या ड्रॉप्समध्ये किमान ५ मिनिटांचं अंतर ठेवा.
- बाटली उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक बाटल्या महिनाभराने टाकून द्यायच्या असतात.
- पापण्या जड, चिकट वाटत असतील तर स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून, पिळून ५ ते १० मिनिटं मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. कापड गरम नको, कोमटच हवं. सकाळी चिपडं आली तर उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा.
- पंखा थेट तोंडावर नको. डे-केअरमध्ये एसीच्या झोताखालची खुर्ची मिळाली तर बदलून मागा.
- फोडणीचा धूर, चूल, उदबत्ती आणि धूप यांच्यापासून लांब बसा. बाहेर जाताना गॉगल लावा.
- कॉन्टॅक्ट लेन्स या काळात बंद. काजळ, मस्कारा आणि चिकटवायच्या नकली पापण्याही नकोत.
- मोबाइल पाहताना आपण पापण्या मिटवायलाच विसरतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघा आणि डोळे मिटा-उघडा.

हे मात्र करू नका

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप्स आणू नका. "डोळा लाल झालाय, काहीतरी द्या" असं म्हटल्यावर हातात पडणाऱ्या बाटलीत स्टेरॉइड असू शकतं. दोन दिवस बरं वाटतं, पण आत विषाणू किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर तो भडकतो. शेजाऱ्यांची उरलेली बाटलीही नको.

मध, गुलाबपाणी, तूप, एरंडेल यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. ते निर्जंतुक नसतं आणि प्रतिकारशक्ती कमी असताना ते महागात पडू शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळ्यांना त्रास होतोय म्हणून केमोची तारीख किंवा गोळी स्वतःहून चुकवू नका. डोस कमी करायचा, वेळापत्रक बदलायचं की औषध, हा निर्णय ऑन्कोलॉजिस्टचा. बऱ्याचदा ड्रॉप्सवरच भागतं.

कधी अजिबात थांबायचं नाही?

पुढचं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा किंवा थेट जा:

- एका किंवा दोन्ही डोळ्यांनी अचानक कमी दिसणं, डोळ्यांपुढे पडदा आल्यासारखं वाटणं
- डोळा खूप दुखणं, उजेड सहन न होणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं
- अचानक खूप काळे ठिपके किंवा विजेसारखे लखलखाट दिसणं
- एकाचे दोन दिसणं, पापणी एकदम खाली उतरणं
- डोळ्याभोवती फोड किंवा पुरळ
- अंधुक दिसण्याबरोबर जोरात डोकेदुखी आणि उलट्या
- लाल किंवा सुजलेल्या डोळ्याबरोबर ताप. केमो सुरू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप ही एरवीही इमर्जन्सीच असते

भिंतीवरच्या कालनिर्णयची परीक्षा

दृष्टी हळूहळू कमी होते तेव्हा ती लक्षात येत नाही, कारण एक डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो. त्यासाठी घरच्या घरी एक सोपी सवय लावता येते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी आणि तेवढ्याच उजेडात कालनिर्णयसमोर उभं राहा. चष्मा असेल तर लावा. आधी उजवा डोळा झाका, मग डावा. मागच्या आठवड्यात वाचता येत होती ती बारीक अक्षरं आजही दिसतायत का? तारखांच्या चौकटींच्या रेषा सरळ आहेत की वाकड्या, तुटक दिसतायत? फरक वाटला तर त्याच चौकटीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

पुढच्या तपासणीला जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: त्रास कोणत्या सायकलनंतर सुरू झाला, एका डोळ्याला आहे की दोन्ही, दिवसभर असतो की ठरावीक वेळी, आणि कोणते ड्रॉप्स टाकले. बाहेरच्या नेत्रतज्ज्ञांकडे जाणार असाल तर केमोची फाइल बरोबर घ्या. औषधाचं नाव कळल्याशिवाय त्यांनाही नळीची तपासणी करायचं सुचेलच असं नाही.

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे मोजकी मिनिटं असतात आणि गावाहून आलेल्या माणसाला परतीची गाडी गाठायची असते. अशा वेळी डोळ्यांची गोष्ट मागे पडणं साहजिक आहे. म्हणून बरोबर जाणाऱ्यानेच ती आधी काढावी. घरातलं कुणी सारखे डोळे टिपताना दिसलं तर "रडू नका" म्हणण्याआधी एवढंच विचारा: "आई, हे पाणी कधीपासून येतंय? डॉक्टरांना सांगितलंत का?"

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.*